क्रिस्टलवरचा आकडा खरा कधी ठरतो?

डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला ८०५१ हाताळलेल्या कोणालाही ११.०५९२ हा आकडा पाठ असतो. तो असा अडनिडा का, याचे उत्तर मात्र साध्या भागाकारात आहे. ८०५१ आपल्या क्रिस्टलच्या वारंवारतेला आधी १२ ने भागते. ११.०५९२ मेगाहर्ट्झचे ९,२१,६०० होतात. सिरियल पोर्टसाठी त्याला पुन्हा ३२ ने भागले की २८,८०० उरतात आणि टायमर तिनावर ठेवला की नेमके ९६०० बॉड मिळतात. त्याच जागी १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर १०,४१७ येतात. म्हणजे साडेआठ टक्क्यांची चूक, आणि पडद्यावर अक्षरांऐवजी कचरा.

सिरियल पोर्टला टक्का-दोन टक्के इकडेतिकडे चालते. टक्का म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. क्रिस्टलची चूक मोजली जाते ती दहा लाखांत एक, म्हणजे पीपीएम या मापाने, आणि ती सहसा दोन आकड्यांतच असते. त्यामुळे क्रिस्टल शंभर पीपीएमने चुकला तरी सिरियलच्या प्रयोगात कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच बोर्डावर घड्याळ बांधायला घेतले की चूक उघडी पडते. शंभर पीपीएम म्हणजे दिवसाला साडेआठ सेकंदांहून थोडे जास्त, आठवड्याला एक मिनिट. मग क्रिस्टल बदलून पाहिला जातो, नवाही तसाच निघतो, आणि ‘बाजारात माल बोगस आहे’ असा निकाल लागतो.

बहुतेक वेळा माल बोगस नसतो. डबीवर छापलेला आकडा एका अटीवर दिलेला असतो, ती अट डबीवर लिहिलेली नसते, आणि सर्किट बांधताना आपण ती पाळलेली नसते. ती अट कोणती, ती कशी पाळायची आणि पाळली गेली की नाही हे कसे तपासायचे, यासाठी हा लेख आहे. प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी, दुरुस्ती करणारे कारागीर आणि घरी हौसेने बोर्ड बांधणारे, अशा सगळ्यांना यातले गणित वहीच्या एका पानावर करता येईल.

डबीच्या आत क्वार्ट्झची चकती असते. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडचा स्फटिक. तो दाबला की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार उमटतो, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. याला दाबविद्युत परिणाम म्हणतात. उलट दिशेनेही तो चालतो: स्फटिकाला व्होल्टेज दिले की त्याचा आकार किंचित बदलतो. चकतीला तिच्या अंगच्या कंपनांच्या वारंवारतेचे व्होल्टेज मिळाले की ती जोरात थरथरते आणि त्या थरथरीतून तिच्या दोन बाजूंवर पुन्हा विद्युत संकेत मिळतो. अमेरिकेत वॉल्टर केडी यांनी १९२१ मध्ये या गुणाचा उपयोग करून पहिला क्वार्ट्झ ऑसिलेटर चालवला. दोनच वर्षांनी हार्वर्डच्या जी. डब्ल्यू. पिअर्स यांनी सर्किट इतके सुटसुटीत केले की आजही मायक्रोकंट्रोलरच्या पोटात त्यांच्याच पद्धतीचे सर्किट असते.

मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमध्ये साधारणपणे ‘एटी’ छाटाची चकती असते. स्फटिकाच्या अक्षाशी सव्वापस्तीस अंशांच्या कोनात ती कापतात, कारण या कोनात तापमानाचा परिणाम फार कमी होतो. तिची वारंवारता जाडीवर ठरते. मेगाहर्ट्झमधली वारंवारता आणि मिलिमीटरमधली जाडी यांचा गुणाकार साधारण १.६६ येतो. सोळा मेगाहर्ट्झची चकती म्हणजे जेमतेम एक दशांश मिलिमीटर. हा आकडा ध्यानात असला की क्रिस्टल हातून फरशीवर पडल्यावर तो निमूट बाजूला का ठेवावा, हे वेगळे सांगावे लागत नाही. घड्याळाच्या ३२.७६८ किलोहर्ट्झच्या बारीक नळीत चकती नसते. तिथे क्वार्ट्झचाच कापलेला छोटा नादकाटा असतो आणि त्याचे दोन दाते कंप पावतात. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मे केले की सेकंदाला एक ठोका मिळतो.

आता विजेच्या नजरेने हीच चकती कशी दिसते ते पाहू. क्रिस्टल सर्किटला एक कॉइल, एक कपॅसिटर आणि एक रोधक यांच्या एकसर जोडणीसारखा भासतो. शिवाय चकतीच्या दोन बाजूंवर धातूचा मुलामा असतो, त्याचा एक खराखुरा कपॅसिटर या जोडणीला समांतर येतो. यातली मापे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. घड्याळाच्या क्रिस्टलमध्ये एकसर कपॅसिटर सुमारे तीन फेम्टोफॅरड असतो, म्हणजे एका पिकोफॅरडचा तीनशेवा हिस्सा. त्याच्याशी जुळणारी कॉइल भरते सुमारे ७,८०० हेन्रीची. प्रत्यक्ष तार गुंडाळून एवढी कॉइल करायची तर तिचा स्वतःचा रोधच सगळा खेळ संपवील. इथे तीच कॉइल तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत मावते, कारण ती तारेची नसून दात्यांच्या वस्तुमानातून आलेली आहे.

सोळा मेगाहर्ट्झच्या नेहमीच्या क्रिस्टलमध्ये कॉइल सुमारे दहा मिलिहेन्री, एकसर कपॅसिटर दहा फेम्टोफॅरड आणि रोध वीसेक ओहम असतो. त्यावरून त्याचा गुणांक, ज्याला सगळे ‘क्यू’ म्हणतात, पन्नास हजारांच्या आसपास येतो. साध्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडीत तो शंभर-दोनशे मिळाला तरी आपण समाधान मानतो. क्यू जितका मोठा, तितकी क्रिस्टलची आपल्या वारंवारतेवरची पकड घट्ट. सर्किटमधला ट्रान्झिस्टर तापला, व्होल्टेज थोडे घसरले तरी वारंवारता फारशी ढळत नाही, ती याच कारणाने.

घट्ट म्हणजे पूर्ण अढळ मात्र नव्हे. क्रिस्टलला दोन अनुनाद असतात. एक एकसर कॉइल-कपॅसिटरचा. दुसरा त्याहून जरासा वर, जिथे समांतर कपॅसिटरही खेळात येतो. सोळा मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमध्ये या दोहोंत साधारण वीस किलोहर्ट्झचे अंतर असते. मायक्रोकंट्रोलरमधले सर्किट क्रिस्टलला या दोन टोकांच्या मधल्या पट्टीत चालवते. पट्टीत नेमके कुठे, हे क्रिस्टलला बाहेरून किती कपॅसिटन्स दिसतो यावर ठरते. तो वाढला की वारंवारता उतरते, कमी झाला की चढते. तंबोऱ्याची तार खुंटीने सुरात आणतात आणि शेवटचा बारीक फरक मणी सरकवून काढतात. इथे चकतीची जाडी खुंटीचे काम करते आणि बाहेरचा कपॅसिटन्स मण्याचे.

कारखान्यात क्रिस्टल छापील आकड्यावर आणतात तेव्हा त्याला एक ठरावीक कपॅसिटन्स जोडलेला असतो. त्यालाच भार-कपॅसिटन्स किंवा लोड कपॅसिटन्स म्हणतात. मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी १८ किंवा २० पिकोफॅरड नेहमी आढळतात, घड्याळाच्या क्रिस्टलसाठी ६, ७, ९ किंवा १२.५. वर म्हटलेली न लिहिलेली अट ती हीच. तुमच्या बोर्डावर क्रिस्टलला तेवढाच कपॅसिटन्स दिसला तरच छापलेला आकडा खरा ठरतो.

हिशोब असा. क्रिस्टलच्या दोन पायांपासून ग्राउंडला दोन कपॅसिटर जातात. क्रिस्टलच्या दृष्टीने ते दोघे एकसर येतात, म्हणून त्यांचा गुणाकार भागिले बेरीज करायची. दोन्ही सारखे असतील तर सरळ निम्मे. त्यात चिपच्या पिनांचा आणि बोर्डावरच्या पट्ट्यांचा कपॅसिटन्स मिळवायचा. नीट आखलेल्या छापील बोर्डावर तो तीन ते पाच पिकोफॅरड धरला तर फार चुकत नाही. क्रिस्टल १८ पिकोफॅरडचा असेल तर १८ मधून ५ वजा, उरले १३, त्याची दुप्पट २६. बाजारात मिळणारे जवळचे माप २७. सवयीने २२ लावले तर क्रिस्टलला १६ दिसतील आणि तो थोडा पुढे धावेल. सोळा मेगाहर्ट्झच्या नमुन्याच्या क्रिस्टलमध्ये एका पिकोफॅरडला सुमारे दहा पीपीएम पडतात. म्हणजे दोन पिकोफॅरडच्या फरकाने दिवसाला पावणेदोन सेकंदांची वाढ. सिरियलला याचे काहीच वाटणार नाही, घड्याळाला वाटेल.

घड्याळाच्या क्रिस्टलमध्ये ही गफलत जास्त महाग पडते. डीएस १३०७ ही घड्याळाची चिप अनेकजण वापरतात. तिला १२.५ पिकोफॅरडचा क्रिस्टल लागतो आणि तेवढा कपॅसिटन्स तिच्या पोटातच आहे. बाहेरून आणखी दोन कपॅसिटर जोडायचेच नसतात. तरीही ‘क्रिस्टल आला की दोन कपॅसिटर’ या सवयीने ते जोडलेले मी अनेक बोर्डांवर पाहिले आहेत. दुसरी चूक दुकानातून येते. ६ पिकोफॅरडची नळी आणि १२.५ ची नळी दिसायला अगदी सारखी. सहाची नळी या चिपला लागली तर हिशोबाने सुमारे नव्वद पीपीएमचा फरक पडतो. घड्याळ रोज आठ सेकंद आणि महिन्याला चार मिनिटे मागे पडते. प्रोग्राम कितीही तपासा, त्यात काही सापडणार नाही.

आता सर्किट हालते कसे, ते पाहू. ऑसिलेटरला दोन गोष्टी लागतात: फेरी पूर्ण करून परत आलेला संकेत निघाला होता त्याहून कमजोर नसावा, आणि तो त्याच लयीत परत यावा. पिअर्सच्या सर्किटमध्ये एक इन्व्हर्टर असतो. तो संकेत उलटा करतो, म्हणजे अर्धी फेरी. उरलेली अर्धी फेरी क्रिस्टल आणि दोन कपॅसिटर मिळून पूर्ण करतात. ती ज्या एका वारंवारतेला नेमकी पूर्ण होते, तिथेच सर्किट स्थिरावते. सुरुवात कोणी करून द्यावी लागत नाही. वीज आली की इन्व्हर्टरच्या स्वतःच्या सूक्ष्म गोंगाटात सगळ्याच वारंवारता थोड्या थोड्या असतात. क्रिस्टल त्यातली आपली तेवढी पुढे जाऊ देतो, आणि ती फेरीगणिक वाढत जाते. मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला यासाठी काही मिलिसेकंद लागतात. घड्याळाचा क्रिस्टल एखादा सेकंदही घेतो. प्रोग्राम सुरू होताच घड्याळाच्या चिपला वेळ विचारू नका, तिला हालायला सवड द्या.

इन्व्हर्टरच्या इनपुट आणि आउटपुटमध्ये एक मोठा रोधक लागतो, मेगाहर्ट्झसाठी एक मेगाओहम, घड्याळाच्या क्रिस्टलसाठी दहा मेगाओहम. तो इन्व्हर्टरला ऐन मध्यावर धरून ठेवतो, कारण तिथेच तो संकेत वाढवू शकतो. बहुतेक मायक्रोकंट्रोलरमध्ये हा रोधक आतच असतो. सुटा इन्व्हर्टर वापरणार असाल तर ‘अनबफर्ड’ जातीचा घ्या, ७४एचसीयू०४ किंवा सीडी ४०६९यूबी. साध्या ७४एचसी०४ मध्ये एकामागे एक तीन टप्पे असतात. त्याची वाढ इतकी जास्त की सर्किट क्रिस्टलला विचारात न घेताच भलत्या वारंवारतेला ओरडायला लागू शकते.

हे सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे तर माझ्या मते सीडी ४०६० इतकी चांगली चिप नाही. तिच्यात इन्व्हर्टरही आहे आणि चौदा वेळा निम्मे करणारी साखळीही. पिन १६ ला पाच व्होल्ट, पिन ८ ला ग्राउंड, आणि दोहोंमध्ये चिपला अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. पिन १२ रिसेटची, ती ग्राउंडला. पिन १० आणि ११ यांच्यामध्ये दहा मेगाओहम. पिन १० पासून ३३० किलोओहमचा रोधक निघतो आणि क्रिस्टलच्या एका पायाला जातो. क्रिस्टलचा दुसरा पाय सरळ पिन ११ ला. रोधकाच्या बाजूच्या पायापासून ग्राउंडला २२ पिकोफॅरड, पिन ११ च्या बाजूने ५ ते ३० पिकोफॅरडचा ट्रिमर. हा ३३० किलोओहमचा रोधक ‘एवढा मोठा कशाला’ म्हणून गाळू नका. नादकाट्याच्या क्रिस्टलला एक मायक्रोवॅटच्या आतली शक्तीच झेपते. थेट पिनेचे पाच व्होल्ट त्याच्यावर आदळत राहिले तर तो लवकर म्हातारा होतो, प्रसंगी दातेही तुटतात.

पिन ३ वर आता सेकंदाला दोन ठोके मिळतील, कारण ३२,७६८ चौदा वेळाच निम्मे झाले आहेत. शेवटचे निम्मे सीडी ४०१३ करील. ४०६० ची पिन ३ तिच्या पिन ३ ला जोडा, तिची पिन २ तिच्याच पिन ५ ला, पिन ४ आणि ६ ग्राउंडला. तिला पिन १४ वर पाच व्होल्ट आणि पिन ७ वर ग्राउंड. न वापरलेल्या अर्ध्या भागाच्या पिना ८, ९, १०, ११ मोकळ्या लोंबकळत ठेवू नका, ग्राउंडला बांधा. पिन १ वर ४.७ किलोओहममधून एलईडी लावला की तो अर्धा सेकंद पेटतो, अर्धा सेकंद विझतो.

हे ब्रेडबोर्डवर करून पाहायला हरकत नाही, पण अचूकतेची अपेक्षा तिथे धरू नका. शेजारच्या दोन रांगांतच काही पिकोफॅरड भरतात आणि तार हलली की बदलतात. खरे काम छापील बोर्डावर: क्रिस्टल पिनांना चिकटून, दोन्ही कपॅसिटरचे ग्राउंड चिपच्या ग्राउंडशी जवळच्या वाटेने, आणि क्रिस्टलखालून कुठलीही डेटाची पट्टी जाऊ न देता.

चालते की नाही हे तपासताना पहिली ओढ क्रिस्टलच्या पायावर स्कोपचा प्रोब ठेवण्याची असते. तो ठेवू नका. प्रोब दहापटीवर असला तरी दहा-पंधरा पिकोफॅरड सोबत आणतो, एकपटीवर असला तर शंभराच्या घरात. मोजता मोजता तुम्ही वारंवारता बदलता, घड्याळाचा क्रिस्टल तर थांबूनच जातो, आणि चालते सर्किट बंद आहे असा निष्कर्ष निघतो. संकेत पुढच्या टप्प्यावरून घ्यावा. ४०६० मध्ये पिन ७ वर २,०४८ हर्ट्झ मिळतात, तिथे खुशाल काहीही लावा. जुन्या पद्धतीच्या ८०५१ मध्ये पिन ३०, म्हणजे एएलई, क्रिस्टलच्या एक षष्ठांश वारंवारतेने चालते. ११.०५९२ असेल तर तिथे १.८४३२ मेगाहर्ट्झ दिसले पाहिजेत, चिप मात्र रिसेटमध्ये अडकलेली नसावी. एटीमेगा ३२८पी मध्ये एक फ्यूज बदलून घड्याळाचा संकेत वेगळ्या पिनेवर काढता येतो. स्कोप नसेल आणि क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झचा असेल, तर एफएम रेडिओ ९६ वर लावून बोर्डाजवळ धरा. तिथे स्टेशन नसेल तर बऱ्याचदा खरखर दबलेली जाणवते. ९६ हा १२ चा आठवा गुणज आहे.

सर्किट चालू झाले म्हणून ते भरवशाचे ठरत नाही. टेबलावर हालणारे सर्किट थंडीत किंवा बॅटरी उतरल्यावर हालायला नकार देऊ शकते. यासाठी कारखान्यांतले अभियंते करतात ती परीक्षा घरीही करता येते. क्रिस्टलच्या एका पायाशी एकसर एक रोधक तात्पुरता जोडा, क्रिस्टलच्या माहितीपत्रकात दिलेल्या जास्तीत जास्त रोधाच्या पाचपट. सोळा मेगाहर्ट्झला ४० ओहम दिले असतील तर २०० ओहम. घड्याळाच्या क्रिस्टलला ७० किलोओहम दिले असतील तर ३३० किलोओहम लावले तरी पुरे. वीज बंद-चालू करून पाहा. एवढा अडथळा घालूनही सर्किट दर वेळी उठत असेल तर खुशाल पुढे जा. अडखळत असेल तर कपॅसिटर लहान करा आणि कमी भार-कपॅसिटन्सचा क्रिस्टल घ्या. विकण्यासाठी बोर्ड बांधणाऱ्यांनी ही परीक्षा चुकवू नये. पाच मिनिटांचे काम आहे आणि गिऱ्हाइकाकडच्या फेऱ्या वाचतात.

आता तापमान. एटी छाटाचे क्रिस्टल यात बरे वागतात. नादकाट्याचा क्रिस्टल मात्र २५ अंशांना सर्वांत जलद चालतो आणि तिथून कुठल्याही बाजूला गेलात तरी मागे पडतो. किती, तर अंशांतल्या फरकाचा वर्ग गुणिले ०.०३४ पीपीएम. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात भिंतीवरच्या डबीत ४५ अंश होणे नवलाचे नाही. फरक वीस, वर्ग चारशे, म्हणजे १३.६ पीपीएम: दिवसाला एक सेकंदाहून थोडे जास्त, मे महिन्यात छत्तीसेक सेकंद. नाशिककडे हिवाळ्यात पहाटे दहा अंशांना तेच घड्याळ दिवसाला दोन तृतीयांश सेकंदाच्या दराने मागे पडेल. उन्हाळ्यातही मागे आणि हिवाळ्यातही मागे, म्हणून २५ अंशांना घड्याळ मुद्दाम किंचित पुढे ठेवावे. किती पुढे, हे ते जिथे टांगायचे त्या जागेवर अवलंबून आहे.

ट्रिमर लावताना फ्रीक्वेन्सी काउंटरवर विसंबू नका. स्वस्त काउंटरच्या आतही क्रिस्टलच असतो, आणि त्याचा आकडा तरी बरोबर आहे हे कोणी पाहिले? घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवा, डबीत बंद करा आणि आठवडाभर हात लावू नका. आठवड्याचा फरक सेकंदांत घ्या, त्याला सातने भागा आणि ११.६ ने गुणा. आला तो फरक पीपीएममध्ये. क्रिस्टलला दिसणारा कपॅसिटन्स साधारण साडेसात पीपीएमला एक पिकोफॅरडने बदलेल अशा बेताने ट्रिमर फिरवा: घड्याळ मागे असेल तर कपॅसिटन्स कमी करा, पुढे असेल तर वाढवा. फिरवायला प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्या. दोन-तीन आठवड्यांत घड्याळ जागेवर येते. मग ट्रिमरवर नेलपेंटचा थेंब सोडा.

कोकणात आणि गोव्यात घड्याळ पावसाळ्यात बंद पडते आणि दिवाळीला आपोआप सुरू होते, अशी तक्रार असेल तर क्रिस्टलकडे जाण्याआधी बोर्डाची खालची बाजू पाहा. सोल्डरिंग करताना राहिलेला फ्लक्स दमट हवेत ओल धरतो आणि त्यातून काही मेगाओहमची वाट तयार होते. दुसऱ्या कुठल्याही सर्किटला तिचे काही वाटले नसते. इथे इन्व्हर्टरला मध्यावर धरून ठेवणारा रोधकच दहा मेगाओहमचा आहे. शेजारून पाच मेगाओहमची गळती ग्राउंडला लागली की इन्व्हर्टर मध्यावरून ढळतो, वाढ कमी होते आणि ऑसिलेटर थांबतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड स्वच्छ घासा, हेअर ड्रायरच्या कोमट हवेने पूर्ण वाळवा, आणि क्रिस्टलच्या भोवती वार्निशचा पातळ थर द्या. वार्निशनेही कपॅसिटन्स किंचित बदलतो, म्हणून आधी वार्निश, मग ट्रिमर. बोर्ड धुवायला अल्ट्रासॉनिक टाकी वापरू नका. तिची कंपने घड्याळाच्या क्रिस्टलच्या वारंवारतेजवळची असतात आणि नादकाट्याचे दाते त्यात तुटतात. डाग देतानाही नळीच्या पायांवर सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका.

खरेदीबद्दल थोडे. आर्डुइनो उनोवर चकचकीत धातूच्या डबीवर १६.००० पाहून अनेकांना वाटते की मुख्य चिप त्यावर चालते. मूळ उनो आर३ मध्ये तो क्रिस्टल यूएसबीच्या चिपचा आहे. मुख्य चिपला सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याची अचूकता अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे दिवसाला सात मिनिटांपर्यंत चूक चालू शकते असा माल. मोटर फिरवायला, दिवे लावायला तो उत्तम. घड्याळ मात्र त्यावर बांधू नये. वर्षाला मिनिटभराची चूक चालणार असेल तर डीएस ३२३१ घ्या. त्यात क्रिस्टल आणि तापमानाची दुरुस्ती एकाच वेष्टनात असते, आणि ० ते ४० अंशांत दोन पीपीएमची हमी. नावाच्या शेवटी ‘एम’ असलेली चिप वेगळी, तिच्यात क्वार्ट्झ नसतो आणि हमी पाच पीपीएमची. मॉड्यूल हातात घेतल्यावर चिपवरची अक्षरे भिंगाने वाचा.

तीस मेगाहर्ट्झच्या आसपासचे आणि त्यावरचे क्रिस्टल घेताना आणखी एक विचारा: मूळ वारंवारतेचा आहे की तिसऱ्या ओव्हरटोनचा? २७ मेगाहर्ट्झ छापलेला ओव्हरटोनचा क्रिस्टल साध्या सर्किटमध्ये लावला तर तो बिनतक्रार ९ मेगाहर्ट्झवर चालतो आणि माणूस दिवसभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत काउंटरवर ‘१६ चा क्रिस्टल द्या’ म्हटले की डब्यातून जो हाताला लागेल तो मिळतो. एखाद-दुसरा नग हवा असेल तर तेही चालेल, ट्रिमर लावून आठवडाभर घड्याळ पाहिले की त्याचा भार कळतो. पन्नास नग घ्यायचे असतील तर कागदावर चार गोष्टी लिहून द्या: वारंवारता, भार-कपॅसिटन्स, २५ अंशांना चालणारी चूक पीपीएममध्ये, आणि जास्तीत जास्त रोध. ज्या दुकानदाराला हे चार आकडे सांगता येत नाहीत, त्याच्याकडून कनेक्टर आणि एलईडी घ्या. क्रिस्टल दुसरीकडून घ्या.